अंतर ठरलेलं, वेळ मात्र रोजचा वेगळा

दोन विमानतळांची नावं टाकली की इंटरनेटवरचं कुठलंही गणकयंत्र क्षणात दोन आकडे देतं: इतके किलोमीटर, इतके तास. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच ठामपणे छापलेले असतात, म्हणून ते सारखेच पक्के वाटतात. पण पहिला आकडा भूमितीचा आहे आणि विमानतळ जागचे हलत नाहीत तोवर तो बदलणार नाही. दुसरा हा निव्वळ अंदाज असतो.

लंडनचं हीथ्रो आणि न्यू यॉर्कचं जेएफके घ्या. अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. न्यू यॉर्कहून लंडनला ध्वनीपेक्षा जलद उडणारं काँकॉर्ड विमान ७ फेब्रुवारी १९९६ रोजी २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत पोचलं. त्याच दिशेने फेब्रुवारी २०२० मध्ये एक साधं बोईंग ७४७ पाच तासांच्या आत, ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, कारण अटलांटिकवर वादळ घोंगावत होतं आणि वारा पाठीशी होता. एरवी याच दिशेला साडेसहा-सात तास लागतात, आणि उलट दिशेला, लंडनहून न्यू यॉर्कला, साडेसात-आठ. अंतर एक, वेळ चार.

आधी अंतराचं बघू, कारण तेही दिसतं तितकं सरळ नाही.

नकाशा जिथे फसवतो

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दोन शहरं पट्टीने जोडली तर येणारी रेषा बहुतेक वेळा सर्वात जवळचा रस्ता नसते. नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल. आपल्या डोळ्यांत बसलेला नकाशा १५६९ साली मर्केटरने काढलेल्या पद्धतीचा आहे. जहाजांना दिशा धरून चालता यावं यासाठी ती पद्धत उत्तम होती, पण ध्रुवांकडे जावं तसा तो नकाशा जमीन ताणत जातो. ६० अंश अक्षांशावर सगळं दुप्पट रुंद दिसतं.

फिनलंडमधलं हेलसिंकी आणि अलास्कातलं अँकरेज दोन्ही ६० अंश उत्तर अक्षांशाच्या जरासे वर आहेत. दोघांच्या रेखांशांत जवळजवळ १७५ अंशांचा फरक, म्हणजे पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या बाजू. नकाशावर दोन्ही एकाच आडव्या ओळीत दिसतात. त्या ओळीने, म्हणजे अक्षवृत्त धरून गेलं, तर सुमारे साडेनऊ हजार किलोमीटर पडतात. पण सरळ उत्तरेला निघून ध्रुवाजवळून पलीकडे उतरलं तर साडेसहा हजारच. तब्बल तीन हजार किलोमीटरांचा फरक, आणि नकाशावर त्याचा मागमूस नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोऱ्याची दोन टोकं धरून तो ताणून बघा. दोरा जिथे आपोआप बसतो तोच जवळचा रस्ता.

या रस्त्याला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वी बरोबर मध्यातून कापली की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे एक, समोरासमोरच्या दोन रेखावृत्तांची जोडी मिळून दुसरं, आणि तिरपी कापत गेलात तर अशी अगणित. कुठल्याही दोन ठिकाणांमधून असं एक वर्तुळ जातंच, आणि त्याचा लहान तुकडा म्हणजे त्या दोन ठिकाणांमधलं अंतर. इंटरनेटवरचं गणकयंत्र नेमकं हेच मोजतं.

मोजतं कसं, ते कळायला सूत्र पाठ करायची गरज नाही. दोन्ही विमानतळांपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत एकेक रेषा ओढली आहे अशी कल्पना करा. त्या दोन रेषांमध्ये जो कोन होतो तो अक्षांश-रेखांशांवरून काढता येतो. हीथ्रो आणि जेएफके यांच्यात हा कोन ४९.८ अंशांचा आहे. एका अंशाला पृष्ठभागावर साधारण १११.२ किलोमीटर बसतात. गुणाकार केला की ५,५४० च्या आसपासचा आकडा समोर येतो. वैमानिक आणि खलाशी हे गणित अजून सोपं करून ठेवतात. अंशाचे ६० भाग केले की प्रत्येक भाग, म्हणजे एक कला, पृष्ठभागावर सुमारे १,८५२ मीटर भरते, आणि तोच त्यांचा सागरी मैल. मग ४९.८ ला ६० ने गुणलं की थेट उत्तर: २,९८८ सागरी मैल. विमानाचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, सांगण्याची रीत आजवर टिकली आहे ती यामुळेच.

दोन संकेतस्थळांवर एकाच जोडीचं अंतर किंचित वेगळं दिसलं तर घाबरू नका. पृथ्वी नेमकी गोल नाही. केंद्रापासून विषुववृत्त ६,३७८ किलोमीटरांवर आहे आणि ध्रुव ६,३५७ किलोमीटरांवर. काही गणकयंत्रं पृथ्वी गोलच धरतात, काही हा चपटेपणा हिशेबात घेतात. त्याने दहा हजार किलोमीटरांमागे फार तर पन्नासेक किलोमीटरांचा फरक पडतो. विमान ११ किलोमीटर उंचावरून जातं म्हणून रस्ता लांबतो का, असंही बरेच जण विचारतात. लांबतो, दहा हजार किलोमीटरांमागे सतरा किलोमीटर. सोडून द्या.

पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर २०,००० किलोमीटरांच्या फारसं पुढे जाऊच शकत नाही, कारण तो अर्धा घेर झाला. माद्रिद आणि न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन जवळजवळ एकमेकांच्या पायाखाली आहेत, त्यामुळे ही जोडी त्या मर्यादेला टेकते. नियमित, विनाथांबा उड्डाणांत मात्र सिंगापूर ते न्यू यॉर्क हेच सर्वात लांबचं मानलं जातं: १५,३०० किलोमीटरांहून थोडं जास्त, वेळ पावणेएकोणीस तासांच्या जवळपास.

ताशी नऊशे, आणि त्यापुढे नाही

लांबचा पल्ला मारणारी आजची बहुतेक मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीने उडतात. ११ किलोमीटर उंचीवर हवा उणे ५५ अंशांच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटर. म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. साठ वर्षांपूर्वीच्या जेट विमानांचा वेगही साधारण एवढाच होता. या काळात इंजिनं कितीतरी सुधारली, पण ती सुधारणा इंधन वाचवण्यात गेली. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की पंखांवर हवेचे धक्के उभे राहतात आणि विरोध एकदम वाढतो. दहा टक्के वेग वाढवायला जे इंधन जास्त लागेल ते कुणालाच परवडत नाही. काँकॉर्डने ती किंमत मोजली आणि शेवटी ते थांबलं.

अंदाज बांधायला एक साधी रीत आहे. अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. ९०० च्या जागी ८५० घ्यायचं कारण रस्ता नेमका बृहद्वृत्तावरून कधीच जात नाही, आणि अर्धा तास चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतच्या सरकण्यासाठी. सिंगापूर-न्यू यॉर्कला ही रीत लावली तर साडेअठरा तास निघतात, म्हणजे खऱ्या वेळेला जवळजवळ भिडतात. लंडन-न्यू यॉर्कला सात तास निघतात. तेही बरोबरच आहे, पण जाण्या-येण्याच्या सरासरीसाठी. प्रत्यक्षात एक फेरी सातपेक्षा कमी, दुसरी जास्त. या दोन फेऱ्यांमधली तफावत वाऱ्यामुळे येते.

वारा

विमान हवेच्या सापेक्ष ताशी ९०० ने जातं. जमिनीच्या सापेक्ष किती, ते हवा स्वतः कुठे चालली आहे यावर ठरतं. दोन्ही गोलार्धांच्या मधल्या पट्ट्यांत, साधारण ९ ते १६ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि जोरदार झोत असतात. यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दोनशे किलोमीटर ही तिथे नवलाची गोष्ट नाही, आणि कधी कधी वेग चारशेच्याही वर जातो. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय भाग यांच्या तापमानातल्या फरकावर हे झोत पोसले जातात. हा फरक हिवाळ्यात वाढतो, म्हणून झोतही हिवाळ्यात जास्त बळकट. पूर्वेकडे जाणारी विमानं लवकर पोचतात आणि पश्चिमेकडे जाणारी रेंगाळतात, ते यामुळे.

हे वारे जगाला कळले त्याची गोष्ट मजेशीर आहे. १९२० च्या दशकात जपानच्या ततेनो वेधशाळेत ओइशी वासाबुरो हे हवामानशास्त्रज्ञ फुगे सोडून वरच्या थरातला वारा मोजत होते. हिवाळ्यात त्यांना थक्क करणारे आकडे मिळाले. जगभरच्या शास्त्रज्ञांना वाचता यावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या जागतिक म्हणवल्या जाणाऱ्या कृत्रिम भाषेत छापला. परिणाम व्हायचा तोच झाला, फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणारी अमेरिकन बाँबफेकी विमानं जपानवर पोचली तेव्हा हाच वारा त्यांच्या वाट्याला आला आणि नेम चुकू लागले. पुढे १८ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅन ॲम कंपनीचं एक विमान तोक्योहून होनोलुलूला मुद्दाम या झोतात शिरून गेलं. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. अंतरात तसूभरही फरक नव्हता.

एक समजूत मात्र काढून टाकायला हवी. जाताना वारा मदत करतो, येताना अडवतो, म्हणजे फिटंफाट, असं वाटतं. तसं होत नाही. अंतर ५,५०० किलोमीटर धरा, विमानाचा वेग ९००, वारा २००. पाठीशी वारा असताना वेग ११००, वेळ पाच तास. समोरून वारा असताना वेग ७००, वेळ ७ तास ५१ मिनिटं. एकूण १२ तास ५१ मिनिटं. वाराच नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास १३ मिनिटं लागली असती. अडतीस मिनिटं तोट्यात. कारण उघड आहे. अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, मदत करणाऱ्या वाऱ्यात कमी वेळ असतं. म्हणून परतताना वैमानिक त्याच वाटेने येत नाहीत. जाताना झोत शोधायचा, येताना तो टाळून वळसा घालायचा. उत्तर अटलांटिकवर तर गेली कित्येक दशकं हवेतले रस्तेच दिवसातून दोनदा नव्याने आखले जात आले आहेत, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी. ते ठरतात त्या दिवशीच्या वाऱ्यावर.

याच ओघात एक जुना प्रश्न येतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला निघालेल्या विमानासमोर मुक्कामाचं ठिकाण आपणहून चालत यायला नको का? विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, म्हणजे विमानापेक्षाही जलद. हे खरं असतं तर नुसतं वर जाऊन थांबलं तरी पश्चिमेचं शहर खाली आलं असतं. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. धावत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही इंजिनाकडे चाला की उलट, पावलं तेवढीच पडतात, तसंच हे. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो आडवळणाने: जेट स्ट्रीम पूर्वेकडे वळतात ते या फिरण्यामुळे. विमानाला भेटतो तो फक्त वारा.

सरळ रस्ता बंद असतो तेव्हा

वाऱ्याशी वाटाघाटी करता येतात. सीमांशी नाही. प्रत्येक देशाच्या वरचं आकाश त्या देशाचं, आणि तिथून जायला परवानगी लागते, शुल्क लागतं. हेलसिंकीहून तोक्योला जायचा जवळचा रस्ता रशियावरून आहे आणि त्याला साडेनऊ तासांच्या आसपास लागत. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झालं, युरोपीय आणि रशियन आकाश एकमेकांना बंद झालं, आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. काही उड्डाणं तर थेट उत्तर ध्रुवावरून वळसा घालू लागली. शीतयुद्धातही हेच होतं. सोव्हिएत आकाश मिटलेलं असल्याने युरोप-जपान विमानं अलास्कातल्या अँकरेजला उतरून इंधन भरत. १९५७ मध्ये कोपनहेगन-अँकरेज-तोक्यो ही ध्रुवीय सेवा सुरू झाली ती याच वाटेने. दोन शहरांमधलं अंतर गणकयंत्रात शोधलं तर आजही जुनाच आकडा दिसेल, कारण यंत्राला युद्ध कळत नाही.

दुसरी अडचण इंजिनांची. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर उतरू शकेल असा विमानतळ ठरावीक वेळेच्या टप्प्यात असलाच पाहिजे, असा नियम आहे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती, त्यामुळे मोठे महासागर ओलांडायचं काम तीन-चार इंजिनांच्या विमानांकडेच राहिलं. १९८५ मध्ये १२० मिनिटांची मुभा मिळाली, १९८८ मध्ये १८० ची, आणि २०१४ मध्ये एअरबस ए३५० ला थेट ३७० मिनिटांपर्यंतची. मर्यादा वाढत गेली तसे रस्ते सरळ होत गेले, विशेषतः दक्षिण गोलार्धात, जिथे मैलोन्‌मैल पाण्याशिवाय काही नाही. तिबेटच्या पठारावरून विमानं टाळून जातात त्याचं कारण वेगळं. केबिनमधला दाब गेला तर प्रवाशांच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटंच पुरतो आणि तेवढ्या वेळात विमानाने तीन हजार मीटरपर्यंत खाली यायला हवं. तिबेटमध्ये जमीनच त्याहून उंच आहे.

या सगळ्याचा सर्वात नमुनेदार हिशेब दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर दिसतो. बृहद्वृत्तावर हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरांच्याही आत आहे. एअर इंडियाची विमानं आधी पश्चिमेला, अटलांटिकवरून जात. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली: पूर्वेला निघून पॅसिफिकवरून. रस्ता हजारभर किलोमीटरांहून अधिक वाढला आणि पंधरा हजारांच्या वर गेला. वेळ मात्र साडेचौदा तासांवर आली, म्हणजे जवळजवळ दोन तास वाचले. पाठीशी वारा असेल तर लांबचा रस्ता जवळचा ठरतो, आणि इथे अंतराचा आकडा बघून वेळेचा अंदाज बांधणारा माणूस साफ चुकला असता.

तिकिटावरचे तास

तिकिटावर छापलेला वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान दारापासून मागे ढकललं जातं तिथून ते मुक्कामाच्या विमानतळावर दाराशी उभं राहीपर्यंतचा तो वेळ. गजबजलेल्या विमानतळांवर नुसतं सरकण्यात आणि रांगेत वीस-तीस मिनिटं सहज जातात. शिवाय विमान कंपन्या त्यात थोडी भर घालून ठेवतात. उशिरा सुटलेलं विमान ‘वेळेआधी’ पोचल्याची घोषणा ऐकून प्रवासी खूश होतात, पण त्यात वैमानिकाच्या कौशल्याइतकाच वेळापत्रकातल्या या भरीचाही वाटा असतो. मला तरी ही भर फसवणूक वाटत नाही. रोज बदलणाऱ्या वाऱ्यावर सहा महिने आधी एकच आकडा छापायचा तर दुसरं करणार काय?

राहता राहिली घड्याळं. सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. त्यांची नुसती वजाबाकी केली की गमतीदार उत्तरं येतात. समजा सिंगापूरहून विमान जानेवारीतल्या एका दिवशी रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटलं आणि न्यू यॉर्कला त्याच तारखेला पहाटे ५:४५ ला पोचलं. दिसतात पाच तास चाळीस मिनिटं. पण तेव्हा न्यू यॉर्क सिंगापूरच्या १३ तास मागे असतं. ते मिळवले की खरा आकडा बाहेर येतो, १८ तास ४० मिनिटं. डोकं शांत ठेवायचा उपाय म्हणजे दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणायच्या, मग वजाबाकी करायची.

आंतरराष्ट्रीय वाररेषा आडवी आली तर तारीखही उलटते. सामोआ देशातलं आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो यांच्यात लहानशा विमानाने तासभरही लागत नाही, पण घड्याळांत पूर्ण २४ तासांचं अंतर आहे. आपियाहून शनिवारी दुपारी निघालेला माणूस पागो पागोला शुक्रवारी उतरतो. पूर्वी दोन्ही बेटं रेषेच्या एकाच बाजूला होती. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि रेषेच्या पलीकडे उडी मारली.

वजाबाकी करताना महिना विसरू नका, कारण बरेच देश उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात आणि दोन गोलार्धांचे उन्हाळे उलटे असतात. लंडन आणि सिडनी यांच्या वेळेतला फरक डिसेंबरात ११ तास असतो, जूनमध्ये ९, आणि एकाने घड्याळ बदललं पण दुसऱ्याने अजून बदललं नाही अशा मधल्या थोड्या आठवड्यांत १०.